जितका चारा, तितक्या गाई

‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण आपल्या अंगवळणी पडली आहे, त्यामुळे सामायिक मालमत्तेचं पुढे काय होतं हा प्रश्न विचारायची गरजही आपल्याला वाटत नाही. 1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं ‘सायन्स’ नियतकालिकातल्या निबंधात हीच समजूत तर्कानं मांडली. सगळ्यांना मोकळं असलेलं एक कुरण घ्या. गुराख्यानं त्यात आणखी एक जनावर सोडलं, तर त्या जनावराचा सगळा फायदा त्याच्या एकट्याचा आणि गवत कमी झाल्याचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. म्हणजे प्रत्येकाला जनावरं वाढवणंच परवडतं आणि सगळ्यांनी तेच केलं की कुरण उजाड होतं. यावर उपाय दोनच उरतात: कुरणाचे तुकडे करून ज्याचे त्याला देणं, नाहीतर ते सरकारच्या ताब्यात देणं. हा युक्तिवाद पुढे कुरणं, जंगलं, मासेमारी अशा कितीतरी ठिकाणी सिद्धान्तासारखा वापरला गेला. पण स्वित्झर्लंडच्या वालिस कँटनमध्ये ट्योर्बेल नावाचं सुमारे पाचशे वस्तीचं गाव आहे. त्यानं आपल्या सामायिक कुरणाचे लेखी नियम 1483 साली केले आणि त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षं ते कुरण गावानं तुकडे न पाडता वापरलं. हार्डिनचा हिशेब इथे का चुकला, हे बघण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं की ट्योर्बेलचा हिरवा उतार निसर्गानं आयता दिलेला नाही आणि गावकऱ्यांच्या साधेपणावर तगलेलाही नाही. उन्हाळ्यातल्या सामायिक गवतावरचा प्रत्येकाचा हक्क त्याच्या हिवाळ्यातल्या खासगी चाऱ्याला बांधणारा एक नियम होता, त्यानं तो घडवला.

आधी जमीन पाहू. फिस्प गावापाशी ऱ्होन नदीला फिस्पा ही उपनदी मिळते. तिच्या अरुंद, खोल खोऱ्यात, पश्चिमेच्या उतारावर सुमारे 1500 मीटर उंचीवर ट्योर्बेल वसलं आहे. आल्प्स म्हटलं की डोळ्यांसमोर पाऊस आणि ओलावा येतो, पण या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना उंच पर्वतरांगा आहेत आणि त्या ढग अडवून धरतात. खोऱ्याच्या तळाशी वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्याइतका. उतारावर पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीचा उपयोग बदलत जातो. सगळ्यांत खाली, ऊन जास्त लागतं तिथे द्राक्षमळे. त्याच्या वर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात राय हे धान्य, नंतरच्या काळात बटाटाही. गावाभोवती गवताची राखीव कुरणं. त्याच्या वर लार्च आणि स्प्रूसचं जंगल, आणि जंगलाची हद्द संपते तिथे, दोन हजार मीटरच्या आसपास, उन्हाळी चराईचे माळ. एका कुटुंबाची जमीन यातल्या खालच्या पट्ट्यांत विखुरलेली असायची. मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसा सारखा वाटला जाई, म्हणून तुकडे आणखी बारीक होत. घराचा एक मजला एका भावाचा, वरचा दुसऱ्याचा, आणि गोठ्याचाही एखादा हिस्साच वाट्याला, असं चित्र इथे सर्रास दिसे. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटेल. पण गारपीट द्राक्षांवर आली तरी राय वाचतं, आणि राय करपलं तरी वरचं गवत उरतं. एकाच मोठ्या सलग शेतापेक्षा या विखुरलेल्या तुकड्यांत कुटुंब जास्त सुरक्षित होतं.

या सगळ्या व्यवस्थेची किल्ली हिवाळ्यात आहे. वर्षातले सहा महिने, कधी त्याहूनही जास्त, गाय बाहेर चरू शकत नाही. तेवढे दिवस तिला पुरेल इतकं वाळलेलं गवत उन्हाळ्यातच साठवावं लागतं. ते गवत खासगी कुरणातून येतं, आणि ते चांगलं यायचं तर जमिनीला शेणखत आणि पाटाचं पाणी दोन्ही लागतं. उभ्या चढावर विळ्यानं नाहीतर लांब दांड्याच्या कोयत्यानं कापणी, उन्हात पसरणं, पावसाची चाहूल लागली की धावपळ करून गोळा करणं, मग पाठीवर भारे वाहून नेणं. यांत्रिक साधनं येईपर्यंत हे सगळं माणसाच्या बळावर होई. वालिसच्या लोकांनी यात एक शहाणपणाची सोय केली होती. सगळं गवत गावातल्या एका गोठ्यात आणण्याऐवजी ते कुरणाजवळच्याच छोट्या लाकडी कोठारात भरायचं, आणि हिवाळ्यात गाईलाच एका कोठाराकडून दुसऱ्याकडे न्यायचं. जिथलं गवत तिथेच खाल्लं जाई आणि शेणही तिथेच पडे, ते वसंतात त्याच कुरणावर पसरलं जाई. धान्याची कोठारं वेगळी असत, ती खांबांवर उभी केलेली. खांब आणि कोठार यांच्यामध्ये मोठा चपटा गोल दगड ठेवलेला असे, म्हणजे उंदीर खांबावर चढला तरी त्या दगडाच्या कडेवरून पुढे जाऊ शकत नसे. आतल्या रायची भाकरी वर्षातून दोन-तीनदाच गावच्या सामायिक भट्टीत भाजायची आणि महिनोन्‌महिने पुरवून खायची. इतक्या काटकसरीनं जगणाऱ्या गावात गाय किती पाळायची, हा प्रश्न म्हणजे घरात किती माणसं जगणार हाच प्रश्न होता.

1517 साली गावानं जो नियम लिहून काढला, त्याचा आशय सोपा होता: हिवाळ्यात जितक्या गाई आपण पोसू शकतो, त्याहून जास्त गाई कुणी उन्हाळी कुरणावर पाठवायच्या नाहीत. हा नियम किती नेमका आहे, हे थोडं थांबून पाहावं. त्यानं गाईंचा सरसकट आकडा ठरवला नाही. आकडा ठरवला असता तर तो दर पिढीला बदलावा लागला असता आणि दर वेळी भांडण झालं असतं. उलट, वरच्या गवतावर जो भार पडेल तो खालच्या गवताच्या क्षमतेला जोडून दिला. वसंतात बाहेरून स्वस्तात गाई विकत आणून वरच्या फुकट गवतावर पुष्ट करायच्या आणि शरद ऋतूत विकून टाकायच्या, ही वाट त्यानं बंद केली. हार्डिनचा गुराखी नेमकं हेच करतो. ट्योर्बेलमध्ये मात्र जास्त गाय वर पाठवायची तर आधी खाली जास्त गवत उगवावं लागे, म्हणजे जास्त खत, जास्त पाणी, जास्त कष्ट. नियम पाळला जातोय की नाही हे तपासणंही अवघड नव्हतं. गाई वर गेल्या की लगेच मोजल्या जात, आणि हंगामाअखेर कुरणावर बनलेलं चीज वाटताना प्रत्येक कुटुंबाचा वाटा त्याच मोजणीवर ठरे. शेजाऱ्याच्या कोठारात गवत किती आहे हे गावात कुणापासून लपत नसे. गावानं नेमलेला कारभारी दंड लावी आणि वसूल झालेल्या दंडातला अर्धा हिस्सा त्याला स्वतःला ठेवता येई, म्हणून डोळेझाक करणं त्यालाच महागात पडे. कुरणावरची कामंही गाईंच्या संख्येच्या प्रमाणात वाटलेली होती: हिमकड्यानं मोडलेले गोठे उभे करणं, वाटा दुरुस्त करणं, शेण पसरणं. ज्याच्या जास्त गाई, त्याचे जास्त दिवस कामाला.

हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात कळतं ते रॉबर्ट नेटिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञामुळे. नायजेरियातल्या डोंगराळ शेतीचा अभ्यास केल्यावर 1970च्या सुमारास तो ट्योर्बेलला आला. तिथे त्याच्या हाती जो ऐवज लागला तो इतर ठिकाणी क्वचितच मिळतो. जमीन-व्यवहारांची तेराव्या शतकापर्यंत मागे जाणारी कागदपत्रं होती आणि चर्चच्या दफ्तरात कित्येक पिढ्यांचे जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदलेले होते. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘बॅलन्सिंग ऑन अ‍ॅन आल्प’ या पुस्तकातलं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण मला असं वाटतं की हे गाव सामायिक मालकीचं भोक्तं नव्हतं. द्राक्षमळे, धान्याची शेतं, गवताची कुरणं खासगी होती, आणि कित्येक शतकं खासगीच राहिली. उन्हाळी चराई, जंगल, पडीक जमीन, पाटाच्या पाण्याची व्यवस्था आणि वाटा तेवढ्या सामायिक. नेटिंगनं दाखवलं की ही विभागणी मनमानी नाही. जिथे एकरी उत्पन्न जास्त, दरवर्षी भरवशाचं आणि कष्टानं वाढवता येण्यासारखं, ती जमीन खासगी. जिथे एकरी उत्पन्न कमी, बेभरवशाचं आणि उपयोगी पडायला मोठं क्षेत्र लागणारं, ती सामायिक. वरच्या माळाचा कुठला कोपरा कुठल्या वर्षी हिरवा असेल हे सांगता येत नाही. तुकडे केले तर एखाद्याच्या वाट्याला बर्फच येईल. म्हणून मालकी खासगी की सामायिक हा वाद या गावानं तत्त्वाचा केला नाही. जमिनीचा स्वभाव पाहून ठरवलं.

इथे पहिला आक्षेप येतो: ही जगापासून तुटलेल्या, व्यापाराचा स्पर्श नसलेल्या डोंगरी लोकांची पुरातन रीत आहे, तिचा आजच्या जगाला काय उपयोग? पण तारखा पाहिल्या तर चित्र उलटं दिसतं. चौदाव्या शतकातल्या प्लेगनं वालिसची लोकसंख्या घटली. मजुरी महागली आणि धान्य पिकवणं कमी परवडू लागलं. त्याच काळात आल्प्सपलीकडे, उत्तर इटलीच्या शहरांत मांसाची, चीजची आणि जनावरांची मागणी वाढली. खिंडींतून गुरांचे कळप दक्षिणेला जाऊ लागले. वालिसचे डोंगरातले पाट, ज्यांतले काही उभ्या कड्याला लाकडी पन्हाळी टांगून नेलेले आहेत, त्यातल्या अनेकांचा जन्म याच पंधराव्या शतकाच्या आसपासचा आहे, कारण गुरं वाढली तसं हिवाळी गवत वाढवणं भाग पडलं. म्हणजे 1483 आणि 1517 चे नियम बाजारापासून दूर राहिलेल्यांनी केलेले नाहीत. बाजार दारात आल्यावर, जास्त गाई पाळण्याचा मोह पहिल्यांदाच खरा आणि मोठा झाला तेव्हा, ते केले गेले. हार्डिननं ज्या लोभाचं वर्णन केलं तो ट्योर्बेलकरांना चांगला ठाऊक होता, म्हणूनच त्यांनी तो कागदावर बांधला.

पाण्याचंही तसंच. वरच्या ओढ्यांतून येणारं पाणी कुरणांना पाळीपाळीनं मिळे. वालिसमधल्या अनेक गावांत पाण्याचे आणि चराईचे हक्क लाकडाच्या पट्ट्यांवर खाचा पाडून नोंदले जात. प्रत्येक घराण्याची स्वतःची खूण असे आणि तिच्यापुढे त्या घराण्याच्या हक्काच्या खाचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही बोटानं चाचपून आपला हक्क ओळखता येई, आणि वाद झाला तर पट्ट्या शेजारी ठेवून तो तिथल्या तिथे मिटवता येई. सरपणाचं वाटप तर मला सगळ्यांत सुंदर वाटतं. कुठली झाडं तोडायची ते आधी खूण करून ठरे. कुटुंबांच्या टोळ्या एकत्र जाऊन ती तोडत आणि लाकडांचे शक्य तितके सारखे ढीग रचत. मग चिठ्ठ्या टाकून ज्याचा ढीग त्याला. आपला ढीग कुठला असेल हे रचताना कुणालाच ठाऊक नसल्यानं प्रत्येक ढीग नीट रचला जाई.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला बगल देता येत नाही. ही व्यवस्था टिकली ती दार बंद ठेवून टिकली. 1483 च्या कराराचा एक भाग बाहेरच्यांबद्दलच आहे: परक्यानं ट्योर्बेलमध्ये जमीन विकत घेतली, तरी उन्हाळी कुरणावर, सामायिक जमिनीवर वा जंगलावर त्याचा हक्क उत्पन्न होत नाही. हक्क जमिनीला नव्हता, गावच्या नागरिकत्वाला होता, आणि ते बहुतेक जन्मानंच मिळे. शिवाय गावातली लोकसंख्या आटोक्यात राहिली ती कशामुळे, हेही नेटिंगच्या आकडेवारीतून स्पष्ट होतं: उशिरा लग्नं, आयुष्यभर अविवाहित राहिलेल्यांचं मोठं प्रमाण, आणि स्थलांतर. घरची जमीन सगळ्या भावंडांना पुरणार नाही हे दिसत असल्यावर काहींनी लग्नच करायचं नाही, हे त्या गावात ठरून गेलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात अप्पर वालिसमधून लोक अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतात गेले आणि 1858 साली सान हेरोनिमो नोर्ते ही वसाहत तिथे उभी राहिली. कुरणाचा समतोल काही माणसांच्या अपुऱ्या संसारांवर आणि दूर देशी गेलेल्यांवर तोललेला होता, हे मान्य करायलाच हवं. तरी या आक्षेपातून कुरणाचा नियम चुकीचा होता असं निघत नाही. गवताची मर्यादा डोंगरानं घातली होती, नियमानं नाही. ती मर्यादा झुगारली असती तर संसार आणखी काहींचे मोडले असते, आणि तेही मुळापासून. नियमानं एवढंच केलं की मर्यादेचा भार अचानक, दुष्काळाच्या वर्षी, दुबळ्यावर न कोसळता आधीच सगळ्यांना ठाऊक राहिला.

मग असं विचारलं जातं की ‘जितका चारा तितक्या गाई’ हा नियम धार्जिणा कुणाला? ज्याच्याकडे कुरणं जास्त, त्यालाच ना? हा प्रश्न रास्त आहे. सामायिक कुरणातला वाटा सारखा नव्हता. तो खासगी कुरणाच्या प्रमाणात होता, आणि श्रीमंताच्या जास्त गाई वर जात. पण वारसा सारखा वाटला जात असल्यामुळे आणि लग्नानं जमिनी पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे घराण्यांची स्थिती पिढीगणिक बदलत राही. ट्योर्बेलच्या नोंदींवर पुढे झालेल्या अभ्यासातही असंच दिसतं की विषमता होती, पण कायमचे जमीनदार आणि कायमचे मजूर असे दोन वर्ग त्यातून घट्ट झाले नाहीत. समतेचा आदर्श म्हणून ट्योर्बेल दाखवणं चूक आहे. गावानं हक्काची आणि कामाची सांगड घातली होती, एवढाच त्याचा दावा आहे. आणि तेवढाच खरा आहे.

हार्डिनचं काय झालं तेही सांगायला हवं. 1990 साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात दीर्घकाळ टिकलेल्या सामायिक व्यवस्था तपासल्या. जपानची डोंगरी गावं, स्पेनचे कालवे, फिलिपिन्सच्या सिंचन संस्था आणि त्यांच्यासोबत ट्योर्बेल. हद्द स्पष्ट, नियम स्थानिक परिस्थितीला धरून, देखरेख करणारे गावाला उत्तरदायी, दंड चढत्या प्रमाणात, अशी काही लक्षणं त्यांना या सगळ्यांत समान आढळली. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. स्वतः हार्डिन यांनी 1994 साली आपली शोकांतिका ‘व्यवस्था नसलेल्या’ सामायिक मालमत्तेची आहे, असा खुलासा केला. तो खुलासा महत्त्वाचा आहे, पण माझ्या मते उशिरा आला. मोकाट आणि सामायिक यांत फरक आहे. ज्या माळावर कुणीही यावं, कितीही चरावं, तो मोकाट. ट्योर्बेलचा माळ कधीच मोकाट नव्हता. त्याचे मालक ठरलेले होते, फक्त ते एकापेक्षा जास्त होते. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे जगभर अनेक गावांचे सामायिक हक्क खासगी मालकांच्या किंवा सरकारच्या हवाली केले गेले, आणि जिथे चालू व्यवस्था होती तीही मोडली.

शेवटचा आक्षेप आजच्या ट्योर्बेलकडे बोट दाखवतो. 1891 साली फिस्पहून झरमॅटला रेल्वे गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिस्पमध्ये रासायनिक कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धानंतर गावातली माणसं रोज खाली कामाला जाऊ लागली आणि शेतकरी पगारदार झाले. राय पिकवणं जवळजवळ थांबलं. गाई कमी झाल्या. आज स्विस डोंगरी शेती मोठ्या प्रमाणात सरकारी अनुदानावर चालते, उन्हाळी चराईलाही सरकार पैसे देतं. तेव्हा, आक्षेप घेणारे म्हणतात, ती व्यवस्था शेवटी हरलीच. पण ती कशामुळे हरली ते बघावं. आल्प्समध्ये गेल्या काही दशकांत जंगलाचं क्षेत्र वाढतं आहे, आणि ते वाढतं मुख्यतः चराई आणि कापणी थांबलेल्या जमिनीवर. म्हणजे आजची अडचण जास्त चराईची नाही, कमी चराईची आहे. हार्डिननं ज्या नाशाचं भाकीत केलं होतं तो झालाच नाही. गाई पाठवणारी आणि गवत कापणारी माणसं दुसऱ्या कामाला गेली, म्हणून उताराचं रूप बदलतं आहे. एरवी सगळ्यांना हवाहवासा वाटणारा तो हिरवा उतार माणसाच्या कामावाचून हिरवा राहू शकत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

2023 च्या डिसेंबरात युनेस्कोनं स्वित्झर्लंडची उन्हाळी चराईची परंपरा, आणि स्वित्झर्लंडसह युरोपातल्या सात देशांची पारंपरिक सिंचन पद्धत, अशा दोन्ही गोष्टी अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतल्या. मान मिळाला याचा आनंदच आहे. पण यादीत नाव आलं म्हणून पाट आपोआप साफ होत नाही. तो दर वसंतात फावडं घेऊन कुणीतरी साफ करावाच लागतो. दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं सहलीच्या गटातून फिस्पवरून रेल्वेनं मॅटरहॉर्न शिखर बघायला झरमॅटला जातात. त्यांना एवढीच विनंती: श्टाल्डन स्टेशन आलं की पश्चिमेच्या उताराकडेही पाहा. मॅटरहॉर्न आपोआप तयार झाला, हे उतार माणसांनी नियम करून, ते पाळून आणि मोडणाऱ्याला दंड करून तयार केले आहेत.